सतरा नंबरचा दाखला

माझ्या आत्याने आयुष्यात एकदाच खोटी सही केली, आणि तीही झाडांसाठी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला ऐकवायला नको की तुमची आत्या काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. नव्हतीच मुळी! धुतल्या तांदळासारखी माणसं पालिकेच्या उद्यान विभागात तेहतीस वर्षं टिकत नाहीत. तेहतीस आठवडे टिकली तरी नशीब म्हणायचं.

आत्या उंचीने बेताची आणि आवाजाने खणखणीत. नखांत बारा महिने माती. माणसांशी ती कामापुरतं बोलायची आणि झाडांशी मनसोक्त भांडायची. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "रोपवाटिकेत सकाळी सहाला पाणी द्यावं लागतं. तेवढ्या लवकर उठणारा मिळाला नाही." ती आमच्याच घरात राहायची, मागच्या खोलीत. बाबांची ही धाकटी बहीण, त्यामुळे आईची नणंद, आणि दोघींचं एकमेकींवाचून पानही हलायचं नाही, हे दोघी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या घरी पहिला फ्रीज आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईने त्या फ्रीजसाठी बाबांच्या मागे चार वर्षं भुणभुण केली होती. फ्रीज आला आणि पंधरा दिवसांत आत्याने मधला कप्पा बळकावला. झालं असं, की जुन्या वाचनालयामागे गिंकोचं एक भलं मोठं झाड होतं. त्याखाली पडलेली पिवळी फळं तिने बादलीभर वेचून आणली आणि मागच्या अंगणात बसून एकेक चोळून धुतली. गिंकोच्या फळाचा गर म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने हुंगलं त्यालाच कळेल. बाबा कामावरून आले, दारातच थांबले आणि त्यांनी विचारलं, "कोण ओकलं?"

कोणी ओकलं नव्हतं. आत्याच्या दोन्ही हातांवर मात्र पुरळ उठलं होतं, कारण हातमोजे घालायचे असतात हे तिला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. गर गेला, आत पांढऱ्या कडक कवचाच्या बिया निघाल्या. त्या तिने ओल्या वाळूत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि डबा फ्रीजमध्ये. या बियांना तीन महिने गार ओल लागते, त्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत. बाहेर मातीत पुरल्या तर उंदीर ठेवत नाहीत.

"वन्सं, हा फ्रीज आहे की रोपवाटिका?" आई म्हणाली.

"तीन महिने तर म्हणतेय, वहिनी."

"आणि माझं लोणी कुठे ठेवू?"

"लोणी बाहेर ठेवा. त्याला काही शंभर वर्षं जगायचं नाही."

हे भांडण तीन महिने चाललं. खरं तर ते एकतीस वर्षं चाललं. आमच्याकडे पाहुणे आले, की आई चहा ठेवता ठेवता सांगायची, "आमच्या फ्रीजमध्ये पहिलं काय ठेवलं असेल, ओळखा." पाहुण्यांनी बर्फ म्हटलं, की तिला फार आनंद व्हायचा.

साठ बियांतून रोपं उगवली बेचाळीस. दोन मेली, उरली चाळीस. गिंको हे झाड मुलखाचं हट्टी. पहिली दोन-तीन वर्षं नुसती काठी असते आणि काठीला चार पानं, हातपंख्याच्या आकाराची, मधोमध चीर पडलेली. रोपवाटिकेतले बाकीचे माळी हसायचे. "बाई, तुमच्या काठ्यांना पाणी घातलं का?" आत्या तेव्हा रोजंदारीवर होती, त्यामुळे हसणाऱ्यांना उलटून बोलायची सोय नव्हती. तरी बोलायचीच. कुंडीत पाणी साचलं की गिंकोची मुळं कुजतात, म्हणून पाणी देणाऱ्याच्या मागे मागे फिरायची आणि ओरडायची, "अरे बाबा, रोपं आहेत ती, मासे नाहीत!"

रोपं तीन वर्षांची झाली आणि पालिकेची नवी इमारत उभी राहिली. समोरच्या रस्त्याला दुतर्फा झाडं लावायची ठरलं. गिंको धुराला दाद देत नाही, त्याला कीड लागत नाही, थंडीत अख्खं झाड पिवळंजर्द होतं, असं आत्याने सांगून सांगून तेव्हाच्या साहेबांना पटवलं. सगळं जमलं, आणि मग कुणीतरी पालिकेच्या अध्यक्षांना सांगितलं की गिंकोत नर आणि मादी वेगळी असते आणि मादीची फळं घाण मारतात. अध्यक्षांनी जागच्या जागी हुकूम सोडला, फक्त नर लावा.

आता इथे एक माणूस येतो. तेव्हाचा कनिष्ठ लिपिक. अंगाने किडकिडीत, भांग पट्टीने पाडलेला, खिशाला तीन पेनं. तो वृक्षनोंदवही घेऊन आत्याकडे आला. त्या वहीत क्रमांक, जात, उंची असे रकाने होते आणि चौथा रकाना होता लिंग.

"यातले नर कोणते?" त्याने विचारलं.

"कळत नाही," आत्या म्हणाली. "बीपासून केलेली रोपं आहेत. फळ धरेपर्यंत कळत नाही."

"फळ कधी धरणार?"

"वीस वर्षांनी. पंचवीसही लागतील. कधी तीस."

"उद्घाटन सोमवारी आहे," लिपिक म्हणाला.

आत्या म्हणाली, रकाना कोरा ठेवा. तो म्हणाला, कोरा रकाना वर जात नाही. आत्या म्हणाली, मग 'माहीत नाही' लिहा. त्यावर तो इतका दचकला, की जणू तिने कार्यालयात शिवी दिली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, साहेबांनी शोभेच्या ताडांचा कंत्राटदार बोलावून ठेवलाय. हा रकाना आज भरला नाही, तर उद्या ताड येतील आणि तुमच्या काठ्या उकिरड्यावर जातील. बघा बुवा."

त्याने पहिल्या ओळीत 'नर' लिहिलं आणि खाली एकोणचाळीस वेळा 'ऐजन'. ऐजन म्हणजे वरीलप्रमाणे. कारकुनाचं मनगट वाचवणारा शब्द आहे तो. पानाच्या तळाशी 'तपासले, सर्व नर' असं लिहून वही आत्यापुढे सरकवली, आणि आत्याने सही केली. त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. "चाळीस जणांचा खोटा जन्मदाखला करून आले," एवढंच म्हणाली. त्या लिपिकाला मात्र तिने त्या दिवसापासून ऐजनराव नाव ठेवलं, आणि ते त्याला जन्माचं चिकटलं.

पुढची वर्षं नीट गेली. झाडं लागली. रोजंदारीची नऊ वर्षं भरल्यावर आत्या कायम झाली आणि ती नऊ वर्षंही नोकरीत धरली गेली. त्या कागदाला तिने घरी प्लास्टिकचं वेष्टण केलं. झाडांना आधाराच्या काठ्या बांधणं, बुंध्याभोवतीची माती भुसभुशीत ठेवणं, वाकडी फांदी वेळेत काढणं, सगळं तिने स्वतः केलं. दरवर्षी थंडीत एखाद्या सकाळी चाळीसच्या चाळीस झाडं एका दिवसात पानं टाकून मोकळी व्हायची. त्या दिवशी ती मला शाळेतून लवकर घेऊन यायची आणि आम्ही दोघी त्या पिवळ्या रस्त्यावरून नुसत्या चालायचो. ती हेडमाळी झाली. आणि ऐजनराव? खिशातल्या तीन पेनांच्या जोरावर चढत चढत उद्यान अधीक्षक झाले. पहिल्या मजल्यावर त्यांना खोली मिळाली, खिडकीसमोर सतरा नंबरचं झाड.

आत्याच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना इमारतीत वास सुटला.

आधी गटार विभागाला पत्र गेलं. गटार विभागाने उत्तर दिलं, आमची गटारं स्वच्छ आहेत, वास उपाहारगृहाचा असावा. उपाहारगृहाने लिहिलं, वास स्वच्छतागृहाचा असावा. स्वच्छतागृहवाल्यांना लिहिता येत होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नाही. एका शिपायाला सगळ्यांदेखत बूट काढायला लावले. वास बुटांनाच होता, पण तो साहेबांच्या बुटांनाही होता आणि साहेबांना बूट काढायला कोण सांगणार? सगळेजण खालून तो गर तुडवून आणत होते आणि सभागृहाच्या गालिच्यावर पसरत होते. तीन आठवडे हे चाललं. रस्त्यावर झाडू मारणाऱ्या बाईला कारण माहीत होतं, आत्याला माहीत होतं, समोरच्या पानपट्टीवाल्यालाही माहीत होतं.

शेवटी आत्याच वर गेली. म्हणाली, "साहेब, सतरा नंबर फळाला आलीय."

"आलीय?" ऐजनराव म्हणाले. "आलाय म्हणा. नोंद नर आहे."

"नोंद असेल. फळं खाली पडलीत."

त्यावर चौकशी समिती नेमली गेली. रस्त्यांचे अभियंता, आरोग्य विभागाचे डॉक्टर आणि सचिव म्हणून स्वतः ऐजनराव. अभियंत्यांनी झाडाचा घेर मोजला. डॉक्टर म्हणाले, मी माणसांचा डॉक्टर आहे, आणि नाकाला रुमाल लावून गाडीत जाऊन बसले. अहवाल मात्र सुरेख झाला. मी स्वतः वाचलाय. 'अभिलेख पाहता सदर वृक्ष नर असल्याचे सिद्ध होते. सबब त्याखाली आढळलेली फळे सदर वृक्षाची नाहीत. ती अन्यत्रून आली असावीत.' आमच्या बाबांनी हे वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "वा! झाडाला नर ठरवलं ते कळलं, पण फळांना आईच नाही म्हणजे कमालच झाली."

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्याच आठवड्यात अध्यक्ष त्या अन्यत्रून आलेल्या फळांवरून घसरले आणि पायऱ्यांवर सपशेल आपटले.

दुसऱ्या दिवशी ऐजनरावांनी आत्याला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. तेहतीस वर्षांत पहिला चहा.

"बाई, झाड काढावं लागणार," ते म्हणाले. "मादी म्हणून काढता येत नाही, नोंद नर आहे. रोगट म्हणून काढू. नियमाप्रमाणे हेडमाळ्याचा दाखला लागतो. हा टाइप करून ठेवलाय, खाली सही करा. विषय संपला. तुम्ही सुखाने निवृत्त व्हा, मीही पुढल्या बढतीला मोकळा."

"झाडाला काय झालंय?"

"खोड पोकळ झालंय, असं लिहिलंय."

"आणि नाही केली सही तर?"

"तर मग ती जुनी सही निघेल बाई. खोटा दाखला दिलात म्हणून. चौकशी लागली की निवृत्तीचे कागद अडकतात. किती वर्षं अडकतील, मी कसं सांगू?"

आत्याने चहा संपवला. तिला अन्न टाकलेलं आवडत नाही. मग म्हणाली, "साहेब, जगवायला एकदा खोटी सही केली, ती केली. मारायला करणार नाही." आणि दाखला टेबलावर तसाच ठेवून उठली.

घरी येऊन तिने पालिकेला द्यायचा जबाब अख्खा ताव भरून लिहून काढला. मी शुद्धलेखन तपासलं. तिने लिहिलं, 'बीपासून वाढवलेल्या गिंकोचं लिंग फळ धरेपर्यंत सांगता येत नाही. ही गोष्ट मी त्या वेळी सांगितली होती. रकाना लिपिकाने भरला, सही माझी आहे, चूक मला मान्य आहे.' आणि शेवटी एक ओळ, जी मी काढून टाक म्हणत होते आणि तिने काढली नाही: 'बीपासून साधारण निम्मी झाडे मादी निघतात, तरी उरलेल्यांपैकी अजून अठरा-एकोणीस झाडांची तयारी ठेवावी.'

या ओळीने पालिकेत हाहाकार उडाला. अजून अठरा! म्हणजे अठरा समित्या, अठरा अहवाल, आणि अध्यक्षांना घसरायला अठरा जागा. त्यात कबुली स्वीकारावी, तर तो रकाना भरणारा लिपिक कोण हा प्रश्न आला, आणि तो लिपिक आता आदेशावर सही करणारा अधीक्षक होता. ऐजनरावांनी तीन दिवस दार लावून विचार केला. बुद्धी होती हो माणसाला, मी नाही म्हणत नाही.

आदेश आला तो आत्याच्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात. सदर कर्मचारी त्या वेळी रोजंदारीवर असल्याने तिला सही करण्याचा अधिकारच नव्हता. सबब ती सही सही नव्हे, तो दाखला दाखला नव्हे, आणि कोणाचीच चूक झालेली नाही. मात्र अधिकार नव्हता म्हणजे ती सेवेत नव्हती, तेव्हा नजरचुकीने सेवेत धरलेली नऊ वर्षं रद्द करण्यात येत आहेत. सतरा क्रमांकाचा वृक्ष दाखल्याअभावी तूर्त ठेवण्यात यावा. वासाबद्दल एकही लेखी तक्रार आल्यास सार्वजनिक आरोग्यास्तव तात्काळ काढावा, त्यास वेगळ्या दाखल्याची गरज नाही.

आत्याने ते दोनदा वाचलं. नऊ वर्षं गेल्याने पेन्शन किती घटली वगैरे बाबा कागदावर आकडे मांडायला लागले, तिने तो कागद बाजूला सारला. "तेव्हा मी तिथे नव्हतेच म्हणे," ती म्हणाली. "मग सकाळी सहाला कोण जात होतं?" आणि ती रडली. आत्याला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

पेटून उठली ती आई. एकतीस वर्षं त्या मधल्या कप्प्यावरून नणंदेला टोमणे मारणारी माझी आई पदर खोचून उभी राहिली. "नव्हत्या म्हणजे काय? माझ्या फ्रीजमध्ये तीन महिने बी होतं! मी लोणी बाहेर ठेवलंय, खवट झालेलं खाल्लंय! मी येते साक्षीला. कुठे आहे तो मेला?" आणि ती खरोखर गेली. स्वागतकक्षातल्या मुलीने तिला विचारलं, फ्रीजची पावती आहे का? पावती नव्हती. आई तशीच परत आली.

निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. नवा हेडमाळी आला, तो कुठल्याही कागदावर सही करतो असा त्याचा लौकिक होता.

त्यानंतरच्या पानगळीच्या आधी आत्याने बाजारातून रबरी मोजे आणि झाकणाची मोठी बादली आणली. मी विचारलं, कशाला? तिने सांगितलं नाही. पण सकाळी साडेपाचला दार वाजायचं आणि आठला ती परत यायची. महिनाभर. शेवटी एका सकाळी मी मागोमाग गेले. सतरा नंबरखाली आत्या उकिडवी बसून एकेक फळ वेचत होती. फरशीच्या फटीतली, गटाराच्या जाळीतली, पायऱ्यांच्या कोपऱ्यातली. फुटलेल्या फळांवर पाणी ओतून खराट्याने घासत होती. साठ वर्षांची बाई, गुडघे धरलेली.

माझं डोकंच फिरलं. "आत्या, नऊ वर्षं खाल्ली त्यांनी तुझी! आणि तू फुकटात त्यांचा उंबरा साफ करतेस?"

"त्यांचा नाही करत. एक तक्रार आली की झाड गेलं. ओरडू नकोस, ये, ती जाळी उचल जरा."

"किती वर्षं करणार आहेस हे?"

"होईल तितकी. आणि हे बघ, तेवीस नंबरलाही यंदा चार फळं धरलीत." हे सांगताना ती खुशीत होती! मी कपाळावर हात मारला आणि जाळी उचलली.

पावणेआठला ऐजनरावांची गाडी आली. बढती झाली होती, गाडी नवी होती. आमच्या शेजारी थांबली, काच खाली गेली. त्यांनी आधी आत्याकडे आणि मग झाडाकडे पाहिलं आणि भलंमोठं नाक वर करून हवा हुंगली.

"बघा बाई," ते म्हणाले. "यंदा वासाचं नाव नाही. मी तेव्हाच म्हणत होतो, उगाच बोभाटा केलात. सहीही नडली तुम्हाला आणि तो जबाबही. गप्प बसला असतात तर नऊ वर्षं वाचली असती तुमची."

बादली काठोकाठ भरली होती. गाडीची काच पूर्ण उघडी होती, आतल्या गाद्या पांढऱ्याशुभ्र, आणि आत्याचे दोन्ही हात बादलीच्या कडीवर होते. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "ओत. आत्या, ओत ना गं आत. एकदा तरी." तिने बादली उचललीही, गुडघ्यापर्यंत. मग तिने बादली खाली ठेवली, झाकण सुटलंय का ते चाचपलं आणि दोन्ही तळव्यांनी ते घट्ट दाबून बसवलं.

"सावकाश जा साहेब," ती म्हणाली. "पुढे ओलं आहे, आत्ताच धुतलंय."